गेम्सवरून स्वतःचा कपड्यांचा ब्रँड कसा काढायचा: डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी सगळं सविस्तर

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असताना मी गेम्सवरून कपड्यांचा एक छोटा ब्रँड सुरू केला. पहिला लॉट फक्त ६० नगांचा, एक हूडी आणि दोन टी-शर्ट. तेव्हापासून ज्युनियर्सपैकी कोणी ना कोणी विचारतंच की ताई कसं केलंस, सुरुवात कुठून करू, मग प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढूया. हे वाचून तुमचं एक सॅम्पल जरी वाया जायचं वाचलं तरी मला खूप बरं वाटेल.

कॅरॅक्टर छापायचं आधी डोक्यातून काढा

पहिली आयडिया प्रत्येकाची तीच असते. आवडत्या गेममधलं कॅरॅक्टर घ्यायचं, आपल्या स्टाइलने काढायचं आणि टी-शर्टवर छापायचं. माझीही तीच होती. पण ते कॅरॅक्टर, त्याचं नाव, गेमचा लोगो, हे सगळं कोणाच्या तरी मालकीचं असतं, कुठे कॉपीराइट, कुठे ट्रेडमार्क, कुठे दोन्ही. आणि कॉलेजात सगळे एकमेकांना सांगतात ना की ३० टक्के बदल केला की चालतं, तर असा टक्क्यांचा काही नियम नाहीये. मूळ गोष्टीतला महत्त्वाचा भाग उचललाय का, बघणाऱ्याला ती त्याच कंपनीची वस्तू वाटेल का, हे बघतात. स्वतःच्या वहीत फॅन आर्ट काढणं वेगळं आणि तेच छापून विकायला बसणं वेगळं.

यातली एक केस प्रत्येकाने माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. टेट्रिससारखाच गेम झिओ नावाच्या कंपनीने काढला होता आणि त्यांचं म्हणणं होतं की आम्ही फक्त नियम घेतलेत, नियमांवर कोणाची मालकी नसते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने सांगितलं की नियम मोकळे आहेत हे बरोबर, पण तुकड्यांचं दिसणं, बोर्डाचं माप, एकूण रूप हे मोकळं नाही, आणि झिओ हरली. आपल्यासाठी ही केस म्हणजे नकाशाच आहे. नियम, मेकॅनिक, खेळताना जे वाटतं ते, हे सगळं आपल्याला घेता येतं. दिसणं उचलायचं नाही. सरांनी ही केस शिकवली त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे घेण्यासारखं किती पडलंय.

ज्यांना एखाद्या ठरावीक गेमवरच काम करायचंय त्यांनी रीतसर परवानगी मागायची. छोटे इंडी डेव्हलपर, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गेम बनवणारे, बऱ्याचदा उत्तर देतात, फक्त मेलमध्ये स्पष्ट लिहा की कोणतं डिझाइन, किती नग, किती महिने विकणार, त्यांना किती हिस्सा देणार. उत्तर आलं नाही तर ते "हो" नाही, एवढं लक्षात ठेवा. फॉन्टचंही तेच, फुकट डाउनलोड होतो म्हणजे विकायच्या कपड्यावर वापरता येतो असं नाही, लायसन्स उघडून वाचा.

ब्रँडचं नाव ठरवताना ट्रेडमार्कच्या यादीत क्लास २५ बघा, तो कपड्यांचा. पण आपलं नाव गेमच्या भाषेतलं असणार, म्हणून क्लास ९ सुद्धा बघा, सॉफ्टवेअर त्यात येतं. माझी पहिली चार नावं इथेच गेली.

मग घ्यायचं काय

गेमचं व्याकरण घ्यायचं. म्हणजे खेळणाऱ्याला जे न सांगता कळतं ते. लाल पट्टी कमी होतेय म्हणजे पळा, एखाद्या जागी संगीत शांत झालं म्हणजे इथे काही होणार नाही, चकाकणारी कड म्हणजे उचलण्यासारखी वस्तू. हे कोणत्याच एका कंपनीचं नाहीये, आणि खेळणाऱ्या माणसाच्या अंगात मुरलेलं असतं.

मी काय केलं ते सांगते, तुम्हीही करून बघा. एक आठवडा रोज तासभर खेळायचं आणि शेजारी वही ठेवायची. दर पाच-दहा मिनिटांनी थांबून तीनच गोष्टी लिहायच्या: आत्ता डोळे कुठे होते, हात काय करत होते, आणि काय वाटत होतं. चित्र काढायचं नाही, फक्त शब्द. आठवड्याने वही वाचली तर माझ्या लक्षात आलं की मी लढाईबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, पण सेव्ह पॉइंटबद्दल पानंच्या पानं. ती जागा जिथे पोचल्यावर खांदे खाली येतात, श्वास सुटतो, आता मेलो तरी इथूनच सुरू होणार. माझं अख्खं पहिलं कलेक्शन त्या एका भावनेवर उभं राहिलं, अंगावर घातला की आता सुरक्षित आहे असं वाटणारा कपडा. तुमच्या वहीत दुसरंच काही निघेल, तेच घ्या.

गेम डिझायनर लोकांनी कपड्याबद्दल किती विचार केलाय तेही अभ्यासा. डेड स्पेस, २००८ चा गेम, त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात हेल्थ बार नाहीच, तो हिरोच्या सूटवर पाठीच्या कण्यावरून जातो. आपण त्याला मागून बघत असतो म्हणून पाठ हीच सगळ्यात जास्त दिसणारी जागा. आता विचार करा, रांगेत उभं असताना किंवा जिना चढताना आपणही लोकांच्या पाठीच बघतो, आणि तरी सगळे छातीवरच छापत बसतात. टीम फोर्ट्रेस २ मध्ये नऊ प्रकारचे खेळाडू आहेत आणि प्रत्येकाची नुसती काळी सावली बघून ओळखता यावं अशी त्यांची शरीरं आणि कपडे बेतलेत. हा टेस्ट तुमच्या कपड्यालाही लावा, फोटो पूर्ण काळा करा आणि बघा की तो बाकीच्या हूडींपेक्षा वेगळा दिसतोय का. वेगळा दिसत नसेल तर तुम्ही फक्त छपाई डिझाइन केलीये, कपडा नाही. आणि उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे डेउस एक्स मॅनकाइंड डिव्हायडेड, २०१६, त्यात हिरोचा कोट अ‍ॅक्रोनिम या खऱ्या कपड्यांच्या ब्रँडने डिझाइन केला होता, आणि तो बघताना कळतं की ज्याला पॅटर्न कटिंग येतं त्याने काढलेला कपडा गेममध्येसुद्धा किती वेगळा पडतो.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र अटारी कंपनीच्या अ‍ॅडव्हेंचर या जुन्या गेमचं. तेव्हा अटारी गेम बनवणाऱ्यांची नावं देत नसे, म्हणून तो बनवणाऱ्या वॉरेन रॉबिनेटने कोणाला न सांगता एक गुप्त खोली ठेवली आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं. तिथे जायला एक पिक्सेलचा राखाडी ठिपका शोधून उचलावा लागतो, जो त्याच रंगाच्या पार्श्वभूमीवर दिसतसुद्धा नाही. मी ही गोष्ट वाचली आणि त्याच रात्री हूडीच्या खिशाच्या आत, जिथे बोटं पोचतात पण डोळे नाही, तिथे भरतकामाचा एकच चौकोनी ठिपका घातला, चार मिलिमीटरचा, कापडाच्याच रंगाचा. ज्या मावशी शिवत होत्या त्यांनी दोनदा विचारलं की हा दिसणारच नाहीये तर कशाला. पण घालणाऱ्याला तो काही दिवसांनी हाताला लागतो, आणि मला मेसेज येतात की हे काय आहे. कपडाभर छापलेल्या चित्राने असा एकही मेसेज आला नसता.

एक सावधगिरी. कंट्रोलरची बटणं, कोनामी कोड (जुन्या गेम्समधला बटणांचा प्रसिद्ध गुप्त क्रम), गेम ओव्हर, लोडिंग, हे सगळं इतक्यांनी इतक्या वेळा छापलंय की त्यातून तुमचा ब्रँड कधीच ओळखू येणार नाही.

पिक्सेल आणि धागा

पिक्सेल आर्ट वापरणार असाल तर हा भाग नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

पिक्सेल ही कॉम्प्युटरची गोष्ट वाटते पण कापडाला ती नवीन नाही. १८०४ च्या सुमारास जॅकार्डने छिद्रांच्या कार्डांवर चालणारा माग बनवला, एक छिद्र म्हणजे उभा धागा वर, छिद्र नाही म्हणजे खाली, आणि पुढे बॅबेजने त्याच्या गणिती यंत्रासाठी, जे कॉम्प्युटरचं पूर्वज मानतात, हीच कार्डांची कल्पना घेतली. म्हणजे कापडावर पिक्सेल आणणं हे एका अर्थाने त्याला परत घरी आणणं आहे. लोएवे या फॅशन ब्रँडने २०२३ च्या उन्हाळी कलेक्शनमध्ये कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असलेले हूडी आणि पँट दाखवले होते, बघितल्यावर वाटतं फोटोच फाटलाय, आणि ते गाजले कारण त्यांनी पिक्सेल छापला नाही, कपड्याचा आकारच पिक्सेलचा केला.

जुन्या गेम्सचं रूप बंधनांतून आलंय हेही समजून घ्या. मारिओ पहिल्यांदा १९८१ मध्ये डॉन्की काँगमध्ये आला तेव्हा त्याला टोपी दिली कारण इतक्या कमी पिक्सेलमध्ये केस काढणं अवघड, मिशी दिली म्हणजे तोंड काढावं लागत नाही. गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ आणि फक्त चार छटा. तुम्हीही स्वतःला असंच बांधून घ्या. मी नियम केला की एका डिझाइनमध्ये चारच रंग आणि ३२ बाय ३२ चा चौकोन, त्याच्या बाहेर जायचं नाही. रंग कमी म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगचा खर्चही कमी, पण त्याहून मोठं म्हणजे सगळी डिझाइन्स एका घरातली वाटायला लागतात.

आता हिशोब. ३२ पिक्सेलचं चित्र साधारण २४ सेंटिमीटरवर छापायचंय. ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, २४ सेंटिमीटर म्हणजे २८३५ पिक्सेल, भागिले ३२, ८८.६ येतं. इथे थांबायचं. ८८.६ पट मोठं केलं की काही चौकोन ८८ चे होतात, काही ८९ चे, किंवा सॉफ्टवेअर कडा मऊ करतं आणि सगळं धूसर दिसतं. सरळ ८८ पट करा, २८१६ पिक्सेल, म्हणजे २३.८ सेंटिमीटर, ते दोन मिलिमीटर कोणालाही कळणार नाहीत. मोठं करताना सॉफ्टवेअरमधला निअरेस्ट नेबर हाच पर्याय निवडायचा, तो कडा मऊ करत नाही. माझं पहिलं सॅम्पल धुरकट आलं कारण मी फाइल छोटी पाठवली होती आणि प्रिंटिंगवाल्यांनी चांगल्या मनाने ती "स्मूद" करून मोठी केली. तेव्हापासून मी फाइल पूर्ण मापाची देते, शक्यतो व्हेक्टरमध्ये (कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी फाइल), आणि वर मोठ्या अक्षरात लिहिते: कडा मऊ करू नका, माप बदलू नका.

विणलेल्या स्वेटरवर किंवा मफलरवर पिक्सेल आणायचा असेल तर आणखी एक गंमत आहे, साध्या विणीतला टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. एक पिक्सेल म्हणजे एक टाका धरलंत तर चित्र बसकं होतं. आधी नमुन्याचा तुकडा विणा आणि १० सेंटिमीटरमध्ये आडवे टाके किती, उभ्या ओळी किती ते मोजा. समजा २० टाके आणि २८ ओळी आल्या तर पाच पिक्सेलच्या उंचीला सात ओळी लागणार. सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ताणू नका, त्याच मापाच्या आयतांची जाळी करा आणि चित्र तिच्यावर पुन्हा काढा, हाताने, डोळे कुठे येतात बघत. वेळ जातो पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

आणि हो, पिक्सेलमध्ये देवनागरी. हे करा, प्लीज करा, कारण फारच कमी लोक करतात. इंग्रजी अक्षर आठ बाय आठमध्ये बसतं, आपलं नाही बसत, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. मी उंची १६ धरली, वर चार, मध्ये शिरोरेषेसकट आठ, खाली चार, आणि क्ष, ज्ञ, त्र ही अक्षरं आधी काढली, म्हणजे सगळ्यात अवघड तेच आधी. काढता काढता लक्षात आलं की शिरोरेषा म्हणजे तयार पट्टीच आहे की. ती डावीकडून भरत जाणारी दाखवली तर शब्दच लोडिंग बार होतो. माझा दुसरा टी-शर्ट तोच.

खेळणाऱ्या शरीरासाठी कपडा

बहुतेक ब्रँड इथे काहीच करत नाहीत. रेडीमेड कोरा टी-शर्ट घेतला, छापला, झालं. पण खेळणारा माणूस उभा नसतो, बसलेला असतो, पुढे वाकलेला, हात टेबलावर, कानांवर हेडफोन. मी पाच मित्रमैत्रिणींना त्यांच्या नेहमीच्या कपड्यात दोन-दोन तास खेळताना बघितलं आणि नुसतं लिहीत गेले.

पुढे वाकलं की हूडी मागून वर चढते आणि कंबर उघडी पडते, म्हणून मी मागची उंची पुढच्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त ठेवली. हूडच्या नाड्यांची धातूची टोकं टेबलावर टकटक करतात आणि माइकमध्ये ऐकू येतं, म्हणून नाडीच काढली. बाहीचा रिब, म्हणजे टोकाची ताणणारी पट्टी, सैल असेल तर माउसखाली येतो, म्हणून रिब लांब आणि घट्ट. हेडफोनची पट्टी हूडवर नीट बसत नाही, मागे सरकते, मग हूडच्या मधल्या शिवणीऐवजी तीन भागांचा हूड केला, म्हणजे बरोबर डोक्याच्या मधोमध जाड शिवण येत नाही. पुढे कांगारू खिसा असेल तर बसल्यावर त्यातला मोबाइल घसरून पडतो, खिशाचं तोंड थोडं तिरकं आणि अरुंद केलं की थांबतो. आणि टेबलाच्या कडेवर जिथे हाताचा खालचा भाग घासतो तिथे लवकर गोळे येतात, तिथे मी त्याच रंगाच्या घट्ट विणीच्या कापडाचा तुकडा लावला. गंमत म्हणजे तो तुकडा गेममधल्या चिलखतासारखा दिसतो आणि आता लोक त्यालाच डिझाइन समजतात.

कापडाचं थोडक्यात. टी-शर्टला १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) खाली गेलात तर छपाईखाली कापड लोंबतं, मी २२० घेते. हूडीला ३२० ते ३५०, आतून लूप असलेलं, कारण तासन् तास बसणाऱ्याला फार गरम होऊन चालत नाही. कॉटन होजिअरी धुतल्यावर आटते, पाच टक्क्यांपर्यंत सहज, म्हणून कापून शिवायच्या आधी धुतलेलंच कापड मागा किंवा पॅटर्नमध्ये तेवढी वाढ धरा.

फिट सैल ठेवण्यामागे पिक्सेलचंही कारण आहे, घट्ट टी-शर्ट छातीवर आडवा ताणला जातो आणि चौकोनाचे आयत होतात.

छपाई

थोडे सपाट रंग आणि धारदार कडा म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, पिक्सेलसाठी याहून चांगलं काही नाही. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, म्हणून चार रंगांचा नियम इथे कामाला येतो. गडद कापडावर खाली पांढऱ्याचा थर लागतो, तो पाचवी जाळी, हे विसरू नका. दोन रंग एकमेकांना चिकटून असतील तर मध्ये कापडाची बारीक फट दिसते, पिक्सेलमध्ये ती फारच डोळ्यांत येते, म्हणून फिका रंग गडद रंगाखाली केसभर आत न्या. दोनचारच नग हवे असतील तर डीटीजी (प्रिंटरने थेट कपड्यावर छपाई) किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून कपड्यावर चिकटवणं) करा, डीटीएफ हाताला मात्र प्लास्टिकसारखं लागतं आणि मोठ्या चौकोनाखाली घाम येतो. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यात उतरवणं, फक्त पॉलिस्टर आणि फिक्या रंगावर चालतं, कॉटनवर करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिसोल शाई साधारण १६० अंशांना पक्की होते. पक्की झालीये का बघायचं तर थंड झाल्यावर छपाई दोन्ही हातांनी ताणा, भेगा पडल्या तर भाजणं कमी पडलंय. सॅम्पल हातात घेतल्या घेतल्या, तिथेच, प्रिंटिंगवाल्या काकांच्या समोर ताणून बघा, घरी येऊन बघण्यात अर्थ नाही.

रंगांबद्दल एकच सांगते. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कापड देत नाही. गेममधला तो चमकणारा निळा-हिरवा कापडावर येणारच नाही, म्हणून स्क्रीनवर रंग ठरवू नका, पँटोनच्या टीसीएक्स कापडी नमुन्यांतून ठरवा आणि दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात दोन्हीकडे बघा.

झिजणारी पट्टी

हे माझं सगळ्यात आवडतं काम म्हणून जरा जास्त लिहिते. बऱ्याच गेम्समध्ये वस्तू वापरून वापरून झिजते आणि तिची ड्युरेबिलिटी पट्टी कमी होत जाते. मला वाटलं, कपडा तर खरंच झिजतो, मग पट्टी खरंच कमी झाली तर? पिगमेंट छपाईत रंग कापडाला धरून ठेवतो तो बाइंडर, बाइंडर कमी घातला की रंग धुण्यात लवकर जातो. म्हणजे एका ओळीत पाच चौकोन छापायचे, आणि प्रत्येकात बाइंडर आधीच्यापेक्षा थोडा कमी. धुवत जाल तसे उजवीकडून एकेक चौकोन फिका पडणार.

पहिल्या प्रयत्नात सगळ्यात कमी बाइंडरचा चौकोन पहिल्याच धुण्यात गेला, आणि नुसता गेला नाही तर त्याचा रंग शेजारच्या पांढऱ्या भागाला लागला. दुसऱ्यांदा मी पांढरं कापड सोडून गडद राखाडी घेतलं, रंगही राखाडीच्या जवळचा, म्हणजे थोडा उतरला तरी डाग दिसत नाही. चौकोन पाचाचे तीन केले, कारण पाच वेगवेगळी मिश्रणं पाच वेळा छापणं ६० नगांना परवडेना. मी एकाच जाळीवर बाकीचे चौकोन टेप लावून बंद करून सॅम्पल काढली, आणि प्रत्येक मिश्रणाचं वजन करून वहीत लिहिलं, ही सवय लावाच. मग वीस वेळा धुतलं. वॉशिंग मशीनशेजारी बसून, प्रत्येक धुण्यानंतर त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो. आठव्या धुण्यापर्यंत तिसरा चौकोन स्पष्ट फिका झाला होता, विसाव्याला दुसरा उतरायला लागला, पहिला जसाच्या तसा. ते वीस फोटो शेजारी लावून बघितले तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याच सबमिशनला वाटलं नव्हतं.

विकताना हे स्पष्ट लिहायचं की ही पट्टी उतरण्यासाठीच आहे आणि पहिली दोन धुणी वेगळी धुवा. न सांगता दिलंत तर ती तक्रारच होणार, आणि बरोबरच होणार.

टेक पॅक आणि सॅम्पल

टेक पॅक म्हणजे शिवणाऱ्याला द्यायची कपड्याची पूर्ण माहिती. तोंडी सांगितलेलं काही धरू नका, सगळं कागदावर. पुढून-मागून सपाट रेखाटन, प्रत्येक साइजची मापं आणि किती फरक चालेल ते, मी एक सेंटिमीटर देते, कापड, धागा, लेबल, छपाई गळ्यापासून किती खाली आणि मधोमध कुठून मोजायची, हे सगळं. छपाईची जागा सगळ्या साइजना एकच ठेवली तर एक्सएलवर चित्र वर चढलेलं दिसतं, म्हणून साइजप्रमाणे जागा वेगळी लिहा.

सॅम्पल कमीत कमी दोनदा काढा आणि दुसरं सॅम्पल खऱ्या कापडातच. पाच वेळा धुवून पुन्हा मोजा. साइडची शिवण पुढे फिरलीये का बघा, सिंगल जर्सीत (टी-शर्टचं नेहमीचं साधं विणलेलं कापड) हे होतं आणि फिरलेल्या शिवणीबरोबर तुमचं सरळ चौकोनी डिझाइनसुद्धा तिरकं दिसतं. मास्टरजींशी, म्हणजे कापून शिवणाऱ्या कारागिरांशी, बोलताना फोटो दाखवण्यापेक्षा जुना कपडा उसवून नेऊन दाखवा, त्यांना लगेच कळतं आणि ते स्वतःहून चांगल्या सूचना देतात, तो तीन भागांचा हूड मला मास्टरजींनीच सुचवला.

किती बनवायचे, कितीला विकायचे

लोकांना साइज विचारू नका. त्यांचा आवडता टी-शर्ट जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगा आणि तो आकडा मागा. मी चाळीस जणांकडून घेतले आणि माझा साइज चार्ट पूर्ण बदलला, शिवाय कळलं की मुली मोठं माप मागतात पण खांदा अरुंद हवा असतो, तर त्यांच्यासाठी वेगळा पॅटर्न केला.

पहिला लॉट प्री-ऑर्डरवर काढा. दोन आठवडे ऑर्डर घ्या, मग जेवढे हवेत तेवढेच शिवा, वर थोडे जास्तीचे, कारण काही नग खराब निघतातच. जी तारीख मनात आहे त्यात तीन आठवडे मिळवून सांगा. किंमत ठरवताना कापड-शिलाई-छपाई सगळे धरतात, पण सॅम्पलचा खर्च, खराब नग, पॅकिंग, पेमेंटवाल्यांचा कट, परत आलेल्याचं कुरिअर, टॅक्स आणि स्वतःचे तास राहून जातात. सगळं मिळवून एका नगाला किती पडतं ते काढा, आणि माझ्या अनुभवाने त्याच्या दुपटीच्या खाली विकलंत तर दुसरा लॉट काढायला हातात काही उरत नाही.

दाखवायची पद्धतही गेमच्या भाषेत ठेवता येते. मी प्रत्येक कपड्याचं आयटम कार्ड करते, पण त्यातले आकडे खरे. ताकद ९९ वगैरे लिहीत नाही, कापड ३४० जीएसएम, पाच धुण्यांनंतर आटलं अडीच टक्के, मागची उंची चार सेंटिमीटर जास्त. खेळणाऱ्यांना आकडे वाचायला आवडतात आणि खरे आकडे बघून विश्वास बसतो. दुर्मीळ वस्तूला जांभळा, त्याहून दुर्मीळला नारिंगी हा संकेत सगळ्यांना पाठ आहे, मी लेबलची कड त्या रंगात ठेवते, पण दहापेक्षा कमी नग असतील तरच नारिंगी लावते आणि ते डिझाइन पुन्हा कधीच काढत नाही. एकदा पुन्हा काढलंत तर त्या रंगाला काही किंमत राहणार नाही.

प्रत्येक लॉटमधले दोन नग विकू नका. एक न धुता पिशवीत ठेवायचा, दुसरा स्वतः घालायचा आणि नेहमीसारखा धुवायचा, लेबलवर तारीख आणि लॉट नंबर लिहून. सहा महिन्यांनी दोन्ही शेजारी पसरा, गळ्याचा रिब, छपाईच्या कडा, काखेतली शिवण, टेबलाला घासणारा तो तुकडा, एकेक बघा आणि जे दिसेल ते पुढच्या टेक पॅकच्या पहिल्या पानावर लिहा.